जुन्या चर्चच्या भिंती पाडाव्यात का?

प्रश्न : आमचं चर्च पोर्तुगीज काळातलं. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या तीन फुटी भिंती, छपराला आधार देणाऱ्या सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. आत साडेतीनशे माणसं बसतात. रविवारी आठच्या मिस्साला (सामूहिक उपासनेला) जवळपास तेवढीच बाहेर उभी असतात, पावसाळ्यात छत्र्या घेऊन. बांधकाम समितीपुढे ठराव आला आहे : दोन्ही बाजूंच्या भिंती पाडून काँक्रीटचे खांब उभारायचे, वर स्लॅब टाकायचा, दर्शनी भिंत तेवढी जुनी ठेवायची. तरुण म्हणतात, चर्च माणसांसाठी आहे. माझी आजी, जिचं लग्न याच वेदीसमोर लागलं, ती ऐकूनच रडते. समितीत मीही आहे. मत काय देऊ?
– एक धर्मग्रामस्थ, वसई

उत्तर : पावसात उभं राहून मिस्सा ऐकणाऱ्याला छप्पर मिळायलाच हवं. तरीही या ठरावाला विरोध करा.

दर्शनी भिंत ठेवायची, हाच त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग. ती उंच भिंत एकटी उभी नाही. दोन्ही कोपऱ्यांत बाजूच्या भिंतींनी तिला धरलंय, कैच्यांच्या वजनाने त्या भिंती जागच्या जागी दाबून ठेवल्यात. चुन्याच्या बांधकामात लोखंड नसतं. वजन आणि जाडी हीच त्याची ताकद. बाजू काढल्या की पुढची भिंत उभ्या केलेल्या पत्त्याच्या पानासारखी निराधार होते.

सिमेंटचं मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावच्या छोट्या चॅपेलचा चुन्याचा गिलावा मी खरवडून काढला आणि पक्कं काम म्हणून सिमेंटचा चढवला. दोन पावसाळ्यांत भिंतीला आतून लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला, गिलाव्याचे पापुद्रे हातात येऊ लागले. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडत होती. सिमेंटने ती कोंडली. नंतर तो सगळा गिलावा उतरवून पुन्हा चुना लावला, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून, जुन्या गवंड्याच्या हाताखाली. त्या म्हाताऱ्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. ओल्ड गोव्याच्या बॉम जीजस बॅसिलिकाचं उदाहरणही समितीपुढे ठेवा. 1950च्या दशकात तिचा बाहेरचा गिलावा काढून जांभा उघडा केला गेला, आणि तेव्हापासून तो दगड पाऊस पिऊन झिजतो आहे.

मग जागा कुठून आणायची? आधी मोजा. सलग चार रविवार, प्रत्येक मिस्साला, आत किती आणि बाहेर किती. नाताळच्या मध्यरात्रीची किंवा सणाची गर्दी यात धरू नका. तिच्यासाठी मांडव आहे. आठऐवजी सात आणि साडेआठ अशा दोन मिस्सा ठेवून किती माणसं आत येतात, हेही फादरांना विचारा.

तरीही जागा अपुरी पडली तर एका बाजूला पडवीसारखी बैठी ओसरी बांधा. तिचे खांब, पाया, छप्पर स्वतःचे. चर्चच्या भिंतीवर एक वासाही टेकवायचा नाही, मध्ये फट ठेवून ती पत्र्याने झाकायची. छप्पर जुन्या वळचणीच्या खाली सुरू होऊन बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, म्हणजे वसईचा पाऊस सांध्यात शिरणार नाही. ओसरीतून वेदी दिसावी म्हणून खिडक्यांखालची भिंत उतरवता येते. खिडकीचं दार होतं, वरची कमान शाबूत राहते. किती खिडक्या मोकळ्या करायच्या, हे जुन्या दगडी इमारतींवर काम केलेल्या अभियंत्यालाच ठरवू द्या. जुन्या पायाला लागून, त्याच्याहून खोल खणू नका. आणि खणण्याआधी चर्चची दफन-नोंदवही पाहा. वसई किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या फरशीत आजही समाधीशिळा दिसतात. तेव्हा माणसं चर्चमध्येच पुरत. तुमच्या ओसरीखाली अस्थी निघाल्या तर काम थांबवून त्या विधीपूर्वक पुन्हा पुरायच्या, हे कंत्राटदाराशी आधीच लेखी ठरवा.

वेदीमागची भिंत मागे सरकवायची सूचना कुणी केली, तर तिचीही गरज नाही. वेदी भिंतीपासून सुटी ठेवावी, असं 1964च्या रोमच्या (व्हॅटिकनच्या) सूचनेतच आहे. म्हणून वापरातली वेदी भिंतीपुढे सुटी मांडा आणि जुनी लाकडी वेदी मागे तशीच राहू द्या.

परवानग्या : बिशपांची लेखी संमती आणि महानगरपालिकेचा नकाशा मंजूर झाल्याशिवाय कुदळ मारू नका. चर्चच्या बांधकामात आणि दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असं कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, 1216व्या कलमात आहे. ते कलम छापून सभेत वाटा. तुमचं चर्च किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाजवळ असेल, तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरसाठी वेगळी परवानगी लागते.

सध्या एवढंच करा. भिंतींवरच्या प्रत्येक भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तिच्यावर तारीख लिहा. पावसाळा जाऊ द्या. कोणत्या पट्ट्या फुटल्या, ते ऑक्टोबरात मला कळवा. आजीला घेऊन जा बरोबर. कोणती भेग जुनी आणि कोणती नवी, हे तिला नक्की आठवेल.