वाचकांचे प्रश्न : ‘रोम टू’मध्ये फौज का पुरत नाही?

प्रश्न : ‘रोम : टोटल वॉर’ (2004) हा संगणकावरचा युद्धाचा गेम वर्षानुवर्षं खेळलो, आता त्याचा पुढचा भाग ‘रोम टू’ घेतला. जुन्यात कुठल्याही शहरात चार तुकड्या उभ्या करून हव्या तिथे धाडता यायच्या. इथे सेनापतीशिवाय शिपाई हलत नाही आणि पैसे असूनही नवी फौज उभारता येत नाही. शत्रू मात्र मागच्या मागे गावं घेत सुटतो. माझं कुठे चुकतं? (वाचक, सांगली)

उत्तर : तुमचं चुकत नाही. गेमची बांधणीच तशी आहे, आणि आमच्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. एका फौजेत जास्तीत जास्त 20 तुकड्या, आणि एकूण फौजा किती, हे खजिन्यावर नाही तर ‘इम्पीरियम’वर, म्हणजे राज्याचा दबदबा मोजणाऱ्या आकड्यावर ठरतं. राज्य वाढलं की इम्पीरियम वाढतं खरं, पण सीमा त्याहून भराभर लांबते. त्यात तटबंदी फक्त प्रांताच्या मुख्य शहराला. बाकीची गावं उघडी, जेमतेम शिबंदीच्या भरवशावर.

म्हणून फौज एका गावात बसवून ठेवू नका. दोन-तीन गावं एकाच टर्नमध्ये (एका खेळीत) गाठता येतील अशा जागी ‘अॅम्बुश’ म्हणजे दबा धरण्याच्या पवित्र्यात उभी करा. एआय, म्हणजे संगणक खेळवतो तो शत्रू, उघडं गाव बघून पुढे येतो आणि बऱ्याचदा आयता सापडतो. ‘फोर्स्ड मार्च’ (घाईची कूच) आपल्या हद्दीतच वापरा. चाल लांबते, पण त्या पवित्र्यात हल्ला करता येत नाही. सीमेवरच्या गावांची मुख्य इमारत आधी वाढवा, तिच्याबरोबर शिबंदी वाढते.

मात्र चौथ्या पातळीची घाई नको. वरच्या पातळीच्या इमारती अन्न खातात, बकालपणाही वाढवतात. अन्न शून्याखाली गेलं की फौजा झिजायला लागतात, सुव्यवस्था घसरते, आणि ती उणे 100 वर पोचली की बंड ठरलेलं. बांधकामाची ऑर्डर देण्याआधी माउस इमारतीवर नेऊन अन्नाचा आकडा वाचा. हातात पाच-सहा शिल्लक असू द्या, पुढचं जिंकलेलं शहरही खाणारच आहे.

प्रश्न : चांगला तयार केलेला सेनापती हां हां म्हणता म्हातारा होऊन मरतो. उपाय? (वाचक, ठाणे)

उत्तर : मोहीम इ.स.पू. 272 मध्ये सुरू होते आणि एक टर्न म्हणजे एक वर्ष. जुन्या गेममध्ये वर्षाला दोन टर्न होते. म्हणजे तिशीतला माणूस साठीला पोचायला इथे फक्त 30 टर्न. सेनापतीत जीव गुंतवावा इतका तो टिकत नाही, आणि सुरुवातीला तर वंशावळही नव्हती. ती 2018 च्या अपडेटमध्ये आली. फौजेच्या ‘ट्रॅडिशन्स’ (अनुभवातून फौजेला मिळणारे गुण) मात्र सेनापती गेल्यावरही राहतात, तेव्हा विचार करून निवडायच्या त्या याच. खरा उपाय हवा असेल तर ‘डिव्हाइड एट इम्पेरा’ हा मोफत मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) घ्या, त्यात वर्षाला चार टर्न आहेत. जुनी सेव्ह (साठवून ठेवलेला डाव) त्यात चालवू नका, मोहीम नव्याने सुरू करा.

प्रश्न : ‘रोम टू’ची ‘एम्परर एडिशन’ ही सुधारित आवृत्ती वेगळी विकत घ्यावी लागते का? (वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. सप्टेंबर 2013 मध्ये आलेला मूळ गेम ज्यांच्याकडे होता, त्यांना ती 2014 मध्ये फुकट मिळाली. मोकळ्या मैदानातल्या लढाईतही झेंडा धरून बसायची सक्ती होती, ती पॅचमधून गेली. एआयचे टर्नही आटोपशीर झाले. फौजांची मर्यादा तशीच राहिली.

प्रश्न : समुद्र ओलांडताना अख्खी फौज बुडाली. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : किनारा सोडला की फौज आपोआप जहाजांवर चढते, बंदर लागत नाही. सोय वाटते, पण ती मालवाहू जहाजं. लढाऊ आरमारापुढे त्यांचा निभाव लागत नाही. आधी आरमार पुढे काढा, फौज त्याच्या मदतीच्या वर्तुळात ठेवा, आणि शक्य असेल तर एकाच टर्नमध्ये पलीकडे उतरा.