नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून नाशिकला गंगापूर रोड परिसरात राहते. गेल्या बारा वर्षांत मला नैराश्याचा आजार तीनदा झाला. सध्या गोळ्या चालू आहेत आणि आठ महिन्यांपासून मी बरी आहे. आजार पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी माइंडफुलनेसवर (चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्यावर) आधारित उपचार सुचवला आहे. माझा भाऊ म्हणतो, "इगतपुरी एवढी जवळ आहे, तर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर कर आणि गोळ्या सोडून दे." हे दोन्ही एकच आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एकच नाही, पण तुमच्या भावाचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण दोहोंचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेतच आहे. डॉक्टरांनी सुचवलेली पद्धत सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी खास नैराश्य उलटणाऱ्या रुग्णांसाठी तयार केली. तिच्यात आठ आठवडे, आठवड्यातून एकदा सुमारे दोन तास, लहान गटात बसायचे असते आणि रोजचा सराव घरी करायचा असतो. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात जवळजवळ पूर्ण वेळ मौन पाळून दिवसाला सुमारे दहा तास ध्यान करावे लागते, आणि हे शिबिर वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, असे ती परंपरा स्वतःच सांगते.

नैराश्य वारंवार येऊन गेले, की साधी उदासीही जुने विचार जागे करते. एखादी भाजी खारट झाली, तरी मन "मला काहीच जमत नाही" इथवर जाऊन पोहोचते आणि मग तेच तेच चघळत बसते. आपल्याकडे याला विचारांचा रवंथ म्हणतात, आणि माझ्या मते याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. हा रवंथ सुरू होताच तो ओळखावा, त्याच्याशी भांडू नये आणि "हा एक विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे" असे पाहता यावे, हे या उपचारात शिकवतात. मन रिकामे करणे हा त्याचा हेतूच नाही. पहिल्या बैठकीत बहुधा एकच बेदाणा हातात देतात आणि तो पाहत, हुंगत, सावकाश खायला सांगतात. द्राक्षांच्या गावात राहणाऱ्यांना त्याचे हसू आले, तरी लक्ष एका जागी ठेवणे किती अवघड असते हे तिथेच कळते.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांनाच याचा स्पष्ट लाभ झाला. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला तुम्हाला लागू पडतो. बरे असताना हा उपचार सुरू करणे हेही योग्यच, कारण ऐन नैराश्यात असा सराव जड जातो.

गोळ्यांबाबत मात्र भावाचे ऐकू नका. २०१५ साली ब्रिटनमधील ४२४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत हा उपचार घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के, तर गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोकांना आजार पुन्हा झाला. हा फरक नगण्य आहे, आणि पहिल्या गटाच्या गोळ्याही वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या होत्या. तेव्हा गोळ्या कमी करायच्या की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

माइंडफुलनेसचे वर्ग आता गल्लोगल्ली निघाले आहेत, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी शिकवणाऱ्या व्यक्तीला नैराश्याचे रुग्ण हाताळण्याचे आणि याच पद्धतीचे प्रशिक्षण आहे का, हे विचारून घ्या. मध्येच जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येते.