सेन्सर लांब आहे: वायर ओढावी की वायरलेस वापरावं?

तुमचा प्रश्न असा आहे: टाकीतल्या पातळीचा सेन्सर मोटर चालवणाऱ्या बोर्डापासून पंचवीस-तीस मीटरवर आहे, मध्ये दोन भिंती आहेत, तर वायर ओढू की ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाचं वायफाय वापरू?

आधी एवढंच सांगा, सेन्सरला वीज कुठून देणार? तिथपर्यंत १२ व्होल्टचा डीसी सप्लाय न्यायचाच असेल, तर त्याच केबलमधून डेटाच्या दोन तारा जातात. मग रेडिओ कशाला? (मोटरची एसी लाइन मात्र वेगळ्या पाइपमधून न्या.)

वायर म्हटलं की बहुतेक जण आयटूसीच (चिप एकमेकींशी दोन तारांवर बोलतात ती पद्धत) लांब ओढतात. मीही ओढलं होतं. टेबलावर झकास चाललं, पण प्रत्यक्ष जागेवर मोटरचा रिले (तिला चालू-बंद करणारा स्विच) पडला की बस, म्हणजे डेटाच्या त्या सामायिक तारा, हँग व्हायची. आयटूसी मुळात एकाच बोर्डावरच्या चिपसाठी आहे. त्याच्या स्टँडर्ड आणि फास्ट या वेगांच्या मोडमध्ये बसची कपॅसिटन्स (तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता) ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवावी लागते, आणि लांब केबल ती मर्यादा काही मीटरमध्येच खाऊन टाकते. तुमच्या कामाला आरएस-४८५ घ्या. यात पिळलेल्या दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक वाचला जातो. बाहेरचा नॉइज दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो, त्यामुळे फरकात तो उरत नाही. कमी वेगाला हे १२०० मीटरपर्यंत जातं; ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) तुमचे तीस मीटर म्हणजे काहीच नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावा, ग्राउंडची तार सोडू नका, आणि आरएस-४८५साठीची मॅक्स४८५ ही ५ व्होल्टची चिप असल्यामुळे ईएसपी३२सोबत ३.३ व्होल्टवर चालणारी मॅक्स३४८५ घ्या.

तिथे वीज नेताच येत नसेल, तर बॅटरी आणि वायरलेस. वायफायवर पाठवताना ईएसपी३२ काही क्षण २०० मिलिअँपिअरच्या वर ओढतो, म्हणून त्याला बहुतेक वेळ डीप स्लीपमध्येच (जवळपास सगळं बंद ठेवणारी झोप) ठेवावं लागतं. तुमची खरी अडचण इथेच येते. दहा मिनिटांनी जागा होणारा सेन्सर टाकी भरल्याचं वेळेवर कसं सांगणार? आणि झोपलेल्या बोर्डाला तुमचा निरोप ऐकू येत नाही. यावर उपाय आहे: संदेश पाठवल्यावर सेन्सरने क्षणभर उत्तराची वाट पाहायची, आणि ‘मोटर चालू आहे’ असं उत्तर आलं तर पुढची झोप पंधरा सेकंदांचीच घ्यायची. यासाठी ईएसपी-नाऊ (राउटरशिवाय दोन ईएसपी३२ थेट बोलतात ती पद्धत) वापरा, राउटरशी जोडणी करण्यात जाणारा वेळ आणि बॅटरी दोन्ही वाचतात. अँटेना धातूच्या डब्यात ठेवू नका. ॲनालॉग सेन्सर असेल तर तो एडीसी१च्या पिनला जोडा (एडीसी म्हणजे व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग), कारण मूळ ईएसपी३२वर वायफाय चालू असताना एडीसी२ भरवशाचं नसतं.

मार्ग कुठलाही घ्या, पण मोटर चालू असताना ठरलेल्या वेळात नवा संदेश आला नाही तर ती बंदच झाली पाहिजे. केबलही तुटते, बॅटरीही संपते. हा नियम मोटरच्या बाजूच्या कोडमध्ये सगळ्यात आधी लिहा.

माझं मत विचाराल तर तुमच्या अंतराला आणि कामाला आरएस-४८५च. केबल भिंतीतून घालण्याआधी तिचं पूर्ण वेटोळं टेबलावर जोडा आणि शेजारी मोटरचा रिले लोडसकट चालू-बंद करत एक रात्र चालवून बघा.