आजीची शिवी नाशिकला का टोचली?

प्रश्न : आमच्या अहिराणी प्रहसनात आजी नातवाला म्हणते, ‘रांडना, जेवी ले!’ चोपड्यात या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पडतो. नाशिकला स्पर्धेत मात्र दोन बायका उठून गेल्या आणि परीक्षकांनी ‘अश्लील’ असा शेरा दिला. इंग्रजी शिव्यांना हीच मंडळी हसतात. शब्द काढावा का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : माझी आजी पारोळ्याची. शाळेतून यायला उशीर झाला की ओट्यावरूनच ओरडायची, ‘मुडदी, कोठे व्हती वं?’ आणि लगेच कळण्याची भाकरी नि ठेचा पुढे करायची. शेजारी बदलीवर आलेल्या सांगलीकडच्या बाई हे ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. लेकराला मुडदा म्हणायचं? त्यांच्या घरी मरणाचं नावही काढत नसत. पण त्यांचाच मुलगा दर वाक्याला ‘आयला’ म्हणायचा. आजीनं एकदा त्याचा कान पिरगाळला. आईचं नाव घेऊन बोलणं तिला खपत नव्हतं. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे ही तऱ्हा.

जगातही असंच आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये चर्चचा फार दबदबा होता. तिथल्या फ्रेंचमधल्या जहाल शिव्या म्हणजे चर्चमधल्या वस्तू : प्रसादाचा प्याला, वेदीवरची पेटी. पॅरिसच्या माणसाला त्यात शिवी काय तेच कळत नाही. डच लोक कॅन्सर, टायफस अशा रोगांच्या नावानं शिव्या देतात. ऑस्ट्रेलियानं २००६ साली पर्यटनाच्या जाहिरातीत ‘ब्लडी’ शब्द सहज घातला, तर ब्रिटनमध्ये ती टीव्हीवर आधी अडवली गेली. भाषा दोघांची एकच, तरीही.

इंग्रजी शिवीला नाशिककर हसतात, कारण ती त्यांना सिनेमातून मिळाली. त्या शब्दानं त्यांना घरात कुणी कधी मारलेलं नाही.

तुमच्या शब्दाचं तसं नाही. रांड म्हणजे मुळात विधवा. माझी आत्या बाविसाव्या वर्षी विधवा झाली. हा शब्द तिनं सासरच्या ओट्यावर रोज ऐकला, आणि तो प्रेमानं नव्हता. ती तुमच्या नाटकाला असती तर तीही उठली असती. म्हणून ‘नाशिकच्या लोकांना अहिराणी कळत नाही’ असं म्हणू नका. उठलेल्या बायकांना कदाचित ती फार चांगली कळली असेल. ‘अश्लील’ हा शेरा मात्र मला पटत नाही. त्या वाक्यात अश्लील काही नाही, त्यात जुनी जखम आहे.

मी असते तर ‘मुडद्या, जेवी ले’ केलं असतं. शब्द आपल्या मातीतलाच, आणि कुठल्या बाईच्या कपाळावर मारलेला नाही. मरणाच्या नावानं दचकणारे प्रेक्षक असतील, त्यांच्यासाठी क्रम बदला. आधी आजी ताट वाढू दे, भाकरी कुस्करून नातवापुढे सरकवू दे, मग शिवी येऊ दे. आजीचा जीव दिसला की परक्या गावालाही शिवीचा अर्थ लागतो.

आणि चोपड्याचा हशा पुन्हा एकदा तपासा. पुढच्या प्रयोगाला बायका बसतात त्या बाजूला उभे राहा आणि त्या वाक्याला कोण हसत नाही ते बघा.