'इंटरवर्किंग'ला भाषांतर म्हणावं का?

दूरध्वनी जाळ्यांवरच्या मजकुराचं मराठी करताना एका वाचकाचं वाक्य असं उतरलंय: 'दोन विसंगत संकेतन प्रणालींमधील कॉल जोडताना एक्स्चेंज भाषांतरकाराचे काम करते.' त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'विसंगत' बरोबर आहे का? आणि मूळ मजकुरातल्या 'इंटरवर्किंग'ला, म्हणजे दोन वेगळ्या पद्धतींनी मिळून एक कॉल चालवण्याला, 'भाषांतर' चालेल का?

'विसंगत' काढून टाका. साक्षीदाराचा जबाब विसंगत असतो, म्हणजे त्याचा त्याच्याशीच मेळ बसत नाही. इथे दोन्ही पद्धती आपापल्या जागी चोख आहेत, फक्त एकमेकींशी जुळत नाहीत. 'परस्परांशी न जुळणाऱ्या' हे लांबलचक आहे, पण खरं आहे.

'संकेतन' मात्र जरूर ठेवा, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्यासाठी एक्स्चेंजांनी एकमेकांना द्यायच्या सूचना. खूण किंवा इशारा यांपेक्षा 'संकेत' इथे चपखल बसतो, कारण आधी परस्परांत ठरलेलं असणं हे त्या शब्दातच आहे. २६०० हर्ट्झचा सूर घ्या. अमेरिकेतल्या बेलच्या जाळ्यात एकसुरी संकेतनाच्या ट्रंक लाइनवर (दोन एक्स्चेंजांना जोडणाऱ्या लाइनवर) तो सतत वाजत असला की लाइन रिकामी, असं ठरलेलं होतं. समुद्राखालच्या केबलींवर चालणाऱ्या सीसीआयटीटी (दूरध्वनीची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी समिती) क्रमांक ५ या पद्धतीत तोच सूर उलट दिशेनं, म्हणजे पलीकडच्या एक्स्चेंजकडून, आला तर कधी 'अंक पाठवा', कधी 'बिझी', तर कधी 'पलीकडच्यानं फोन ठेवला'. कॉल कुठल्या टप्प्यावर आहे, त्यावरून अर्थ ठरायचा. सूर एकच, संकेत निराळे.

आता 'भाषांतर'. हा शब्द मला पटत नाही. क्रमांक ५ आणि आर-२ या दोन जुन्या पद्धती समोरासमोर ठेवल्या की का ते कळतं.

आर-२ मध्ये प्रत्येक अंक दोन सुरांच्या जोडीनं जातो. पाठवणारं एक्स्चेंज ती जोडी वाजवत ठेवतं, समोरून 'पुढचा अंक द्या' अशी उलट जोडी ऐकू आली की थांबवतं, तीही थांबल्यावर पुढचा अंक. प्रत्येक पावलाला पोच हवी. क्रमांक ५ मध्ये असं काही नाही: सुरुवातीची खूण, मग सगळे अंक एका दमात, शेवटी समाप्तीची खूण. आता कॉल आर-२ वरून आला आणि क्रमांक ५ वरून पुढे जायचा आहे. मधलं एक्स्चेंज अंकाला अंक असं उलथून देऊच शकत नाही. ते अंक साठवतं, नंबर पुरा झाला का हे स्वतः ठरवतं आणि मगच पुढची लाइन धरतं. तोवर मागच्या एक्स्चेंजला 'पुढचा अंक द्या' असं ते स्वतःच्या जबाबदारीवर सांगत असतं, आणि पलीकडच्या टोकाला कॉल येतोय याचा पत्ताही नसतो. दुभाष्या असं कधी करत नाही. तो दुसऱ्याचं बोलणं पोचवतो, स्वतः उत्तरं देत नाही. मधलं एक्स्चेंज दोन्हीकडे पूर्ण हक्कानं बोलणारा पक्ष आहे.

उलट दिशेला तर शब्दच अपुरे पडतात. क्रमांक ५ वरून आलेला कॉल आर-२ वर गेला, आणि आर-२ नं कळवलं की हा नंबर कुणाला दिलेलाच नाही. आर-२ मध्ये त्यासाठी वेगळा संकेत आहे, लाइन एंगेज असण्यासाठी वेगळा. क्रमांक ५ मध्ये अपयशाचा एकच संकेत, बिझी-फ्लॅश. मग एक्स्चेंजनं तो एक द्यायचा, नाहीतर बोलण्याच्या वाटेवरच टोन किंवा घोषणा ऐकवायची.

हे दुखणं जुन्या पद्धतींबरोबर गेलं असंही नाही. संकेतन पद्धती क्रमांक ७ (डिजिटल एक्स्चेंजांमधली) आणि सिप (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) यांचा मेळ घालणाऱ्या २००२ च्या आरएफसी ३३९८ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात 'नंबर अस्तित्वात नाही' (कारण १), 'त्या जाळ्याकडे वाट नाही' (कारण २) आणि 'त्या ठिकाणाकडे वाट नाही' (कारण ३) या क्रमांक ७ मधल्या तिन्ही कारणांचा सिपमध्ये ४०४ ('सापडलं नाही') होतो. तोच ४०४ पुढे पुन्हा क्रमांक ७ च्या जाळ्यात शिरला की त्याचा कारण १ होतो. म्हणजे वाट सापडली नव्हती, आणि कॉल करणाऱ्याला कळतं की असा नंबरच नाही. हे टाळायचं म्हणून सिप-आय या प्रकारात मूळ संदेश जसाच्या तसा सोबत गुंडाळून पाठवतात.

म्हणून मी 'इंटरवर्किंग'साठी 'सांगड' सुचवतो. मोल्सवर्थच्या कोशात सांगडीचा पहिला अर्थ दोन होड्या एकत्र बांधून केलेला तराफा असा आहे. दोन्ही होड्या होड्याच राहतात, एकीची दुसरी होत नाही, आणि भार दोघींवर मिळून पडतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) संकेतनावरच्या क्यू मालिकेतल्या सहाशेच्या शिफारशींची मांडणीही अशीच आहे. येणाऱ्या पद्धतीचं तर्कशास्त्र वेगळं लिहिलेलं, जाणाऱ्या पद्धतीचं वेगळं, आणि मध्ये कुठल्याच पद्धतीच्या नसलेल्या 'घटना'. नव्या पद्धतीला फक्त त्या घटनांशी बांधायचं, प्रत्येक जोडीसाठी नवा कोश करत बसायचं नाही. 'आंतरकार्य' हाही शब्द सुचवला जातो, पण तो वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो. कॉलच्या टप्प्यांसाठी नवे संस्कृत शब्द घडवू नका, कारण आपल्या रोजच्या बोलण्यात ते टप्पे नेमके आहेत. फोन लावला, लागला, उचलला, ठेवला. 'लावला' म्हणजे क्रमांक ७ मधला आयएएम हा संदेश, सिपमधला इन्व्हाइट. 'उचलला' म्हणजे तिकडे एएनएम, इकडे २०० ओके. 'ठेवला' म्हणजे आरईएल आणि बाय. 'लागला'पाशी थोडं जपून, कारण क्रमांक ७ मधला एसीएम हा संदेश आला म्हणजे घंटा वाजतेच आहे असं नाही. काही वेळा ती बातमी मागून सीपीजी या संदेशात येते, आणि सिपमधला घंटेचा संदेश, १८० रिंगिंग, तेव्हाच पाठवायचा असतो. 'लागला' हा शब्द घंटा वाजू लागल्यावरच वापरा. एसीएमसाठी 'नंबर पुरा मिळाला' असं सरळ लिहा.

तुमचं वाक्य मी असं करेन: 'परस्परांशी न जुळणाऱ्या दोन संकेतन पद्धतींमधून कॉल जोडून देताना एक्स्चेंज दोन्हीकडे त्या त्या पद्धतीनं बोलतं आणि दोन्हींची सांगड घालतं.' पहिल्यांदा येईल तिथे 'सांगड' च्या पुढे कंसात 'इंटरवर्किंग' असं देवनागरीत द्या, कारण या कामातली माणसं दिवसभर तोच शब्द वापरतात आणि त्यांना तो शोधावा लागू नये.