जळगाव-धुळ्यात सिटी बस टिकायची तर काय करावे लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव पाच लाखांच्या घरात आहे, धुळेही पसरते आहे, तरी धड सिटी बस नाही. मग थेट मेट्रोच का मागू नये? आणि बसच आणायची तर ती वर्षा-दोन वर्षांत बंद पडणार नाही, यासाठी काय करावे?

मेट्रोचा विषय आधी मिटवू. सकाळी नऊ ते दहा जळगावच्या आकाशवाणी चौकात उभे राहा आणि एका दिशेने जाणाऱ्या शेअर रिक्षा मोजा. २०० रिक्षा निघाल्या आणि प्रत्येकीत पाच माणसे धरली, तर तासाला हजार प्रवासी होतात. मेट्रोला एका दिशेने तासाला दहा-पंधरा हजार माणसे लागतात. हजार माणसांना ४५ जणांची बस दर पावणेतीन मिनिटांनी सोडली तरी पुरते. म्हणजे आपला प्रश्न बसचाच आहे.

आता पैसा कुठून येतो ते पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली. देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस, त्याही २०११ च्या जनगणनेत ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. जळगाव तेव्हा ४.६० लाख होते आणि धुळे पावणेचार लाख, म्हणजे दोन्ही शहरे अटीत बसतात. भुसावळ (१.८७ लाख) आणि नंदुरबार (१.११ लाख) बसत नाहीत, त्यांना एसटीवरच अवलंबून राहावे लागेल. पाच लाखांखालच्या शहराला या योजनेत ५० बसपर्यंत मिळू शकतात. केंद्र दर किलोमीटरला १२ मीटर बससाठी २४ रुपये, ९ मीटरसाठी २२ आणि ७ मीटरसाठी २० रुपये देते, तेही दहा वर्षे. बाकीचा भार शहराचा.

खरी मेख मार्गांत आहे. ५० बस आल्या की प्रत्येक प्रभागाचा नगरसेवक म्हणतो, आमच्याकडून एक गाडी न्या. कोणालाच नाराज करायचे नसते, म्हणून २२-२५ मार्ग आखले जातात आणि एकेका मार्गावर दोन गाड्या पडतात. ४५ मिनिटांचा मार्ग असेल तर फेरी दीड तासाची, म्हणजे थांब्यावर बस पाऊण तासाने येते. पाऊण तास उन्हात कोण उभे राहील? समोर शेअर रिक्षा उभी असते, तिचे शेवटचे सीट भरले की ती निघते. महिनाभरात प्रवासी रिक्षात जातात, बस रिकाम्या पळतात, आणि मग लोकच म्हणतात, जळगावकरांना बसची सवयच नाही.

उलटा हिशेब करून पाहा. ५० पैकी पाच गाड्या दुरुस्ती-देखभालीला राखीव ठेवा, हातात ४५ राहतात. पहिला मार्ग जुन्या महामार्गावरचा: एमआयडीसीकडून अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी, प्रभात चौक, खोटेनगर आणि गिरणा ओलांडून बांभोरी व विद्यापीठ. हिशेबासाठी १३ किलोमीटर धरा. ताशी १६ किलोमीटर सरासरीने एका बाजूला ४९ मिनिटे, टोकाला सहा मिनिटे थांबा, म्हणजे पूर्ण फेरी ११० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी तर ११ गाड्या लागतात. दुसरा मार्ग शहरातला: रेल्वे स्टेशन, बसस्थानक, मार्केट आणि पिंप्राळ्याकडे किंवा मेहरूणकडे. तो आठ किलोमीटरचा धरा, पण गर्दीमुळे वेग ताशी १२. फेरी ९० मिनिटांची, गाड्या ९. दोन्ही मिळून वीस. उरलेल्या २५ मधून आणखी दोन मार्ग दर पंधरा मिनिटांनी चालवा, त्यांना ९० मिनिटांच्या फेरीने सहा-सहा गाड्या पुरतात. मग १३ हातात उरतात, त्या सकाळी-संध्याकाळी कॉलेज आणि एमआयडीसीच्या पाळ्यांना जोडा. चारच मार्ग, पण वेळापत्रक पाठ करायची गरज नाही. माणूस थांब्यावर येतो आणि त्याला दहा-पंधरा मिनिटांत बस मिळते. नाराज नगरसेवकांना हेच समजावून सांगावे लागते, आणि ते काम अभियंत्याचे नाही, आयुक्त आणि महापौरांचे आहे.

याच हिशेबात वेग किती महाग पडतो तेही दिसते. पहिल्या मार्गाचा वेग १६ वरून १२ वर आला तर फेरी ११० ऐवजी १४२ मिनिटांची होते. तीच दहा मिनिटांची वारंवारता ठेवायला १५ गाड्या लागतात. चौकातल्या हातगाड्या, रस्त्यावर आडव्या लावलेल्या रिक्षा आणि थांब्यावरचे पार्किंग मिळून चार बस गिळतात. म्हणून बस घेण्याआधी थांब्यांची जागा मोकळी करा. थांबा चौकाच्या अलीकडे नको, चौक ओलांडल्यावर ४०-५० मीटरवर हवा. अलीकडे ठेवला की सिग्नलची रांग आणि चढणारी माणसे एकमेकांत अडकतात. दोन थांब्यांत ४००-५०० मीटर अंतर पुरे. त्याहून जवळ ठेवले की वेग गेलाच.

गतिरोधकाचा मुद्दा कोणी बोलत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. भारतीय मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. आपल्याकडे कॉलनीवाल्यांनी रातोरात सिमेंटचा जो उंचवटा घातलेला असतो, त्यावर जमिनीपासून ४०० मिलिमीटर उंचीवर मजला असलेल्या बसचे पोट घासते. ई-बसचे बॅटरी पॅक काही मॉडेलांत खालीच असतात, त्यामुळे बस मार्गावरचे असे उंचवटे आधी काढा किंवा त्या मार्गासाठी उंच मजल्याची बस मागवा. निविदा निघाल्यावर मजल्याची उंची बदलता येत नाही.

आता पैशांचा हिशेब. कराराची पद्धत अशी की बस खासगी ठेकेदाराची, चालवतोही तोच, आणि शहर त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. तिकिटाचा पैसा शहराचा, तोटाही शहराचा. उदाहरणासाठी ९ मीटर बसचा दर किलोमीटरला ६० रुपये धरा. एक बस दिवसाला १८० किलोमीटर धावते, ४०० प्रवासी आणि सरासरी १२ रुपये तिकीट धरले तर ४,८०० रुपये, म्हणजे किलोमीटरला साधारण २६.७० रुपये. केंद्राचे २२ मिळवले की ४८.७०. उरले ११.३०. हे गुणिले १८० किलोमीटर, ५० बस आणि ३६५ दिवस केले तर वर्षाला साधारण पावणेचार कोटी रुपये महापालिकेला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. प्रवासी ४०० ऐवजी २५० आले तर उत्पन्न किलोमीटरला १६.७० वर येते आणि तूट सात कोटींवर जाते. आधी सांगितलेली वारंवारता इथे पैशात दिसते.

करार वाचताना तीन गोष्टी तपासा. वीजबिल कोणाचे, वाहकाचा पगार कोणाचा आणि हमी किलोमीटर किती. शेवटचा मुद्दा अनेकांना कळत नाही. बस रोज ठराविक किलोमीटर धावली नाही तरी हमीइतक्या किलोमीटरचे पैसे (बहुधा थोड्या कमी दराने) द्यावे लागतात. वरच्या शहरी मार्गावर पंधरा तासांत दहा फेऱ्या, म्हणजे १६० किलोमीटर होतात. हमी १८० ची असेल तर रोज २० किलोमीटर न धावताच पैसे जातात. म्हणून लांब आणि आखूड मार्गांत गाड्या आलटून-पालटून लावतात, म्हणजे सरासरी हमीच्या जवळ राहते.

दुसरी अडचण ठेकेदाराची थकबाकी. महापालिकेने चार महिने बिल दिले नाही की चालक-वाहकांचे पगार अडतात आणि एका सकाळी सगळ्या बस डेपोत उभ्या राहतात. नाशिकला जुलै २०२१ पासून सिटीलिंक ही शहर बससेवा याच किलोमीटर पद्धतीवर चालते, तिथेही वाहकांच्या थकलेल्या पगारावरून बस बंद राहण्याचे प्रकार घडले. छत्रपती संभाजीनगरने जानेवारी २०१९ मध्ये वेगळी वाट धरली: बस स्मार्ट सिटी कंपनीच्या आणि सुरुवातीला चालक-वाहक एसटीचे. दोन्ही शहरे आपल्याला जवळची आहेत, त्यामुळे पुण्याला पथक पाठवण्यापेक्षा या दोन शहरांचे करार मागवून वाचणे जास्त उपयोगाचे. महापालिका अधिनियमात परिवहन उपक्रमासाठी स्वतंत्र परिवहन निधीची तरतूद आहे. वर्षाची तूट त्यात एप्रिलमध्येच जमा करा, नाहीतर ती गटारीच्या बिलांच्या मागे रांगेत उभी राहते.

डेपोची जागा शहराने द्यायची असते. ५० बससाठी अडीच-तीन एकर लागतात आणि ती मार्गांच्या टोकाजवळ हवी. गावाबाहेर स्वस्त जागा मिळते, पण रोज सकाळ-संध्याकाळ रिकामी गाडी आठ-आठ किलोमीटर न्यायची म्हटले की ५० बसचे ८०० किलोमीटर वाया जातात. वीज हा पुढचा अडथळा. किलोमीटरला एक युनिट धरा, ५० बस, १८० किलोमीटर: रोज ९,००० युनिट. रात्रीच्या सहा तासांत चार्ज करायचे तर सरासरी दीड मेगावॉटचा भार येतो, त्यामुळे उच्चदाब जोडणीचा अर्ज डेपोची निविदा काढण्याआधीच महावितरणकडे जायला हवा. डेपो बांधून तयार आणि वीज नाही म्हणून बस उभ्या, ही चूक टाळता येण्यासारखी आहे.

उन्हाळ्याचे एक आणखी. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि एसी दिवसभर चालतो, त्यामुळे कागदावरची रेंज मिळत नाही. पहिल्या मार्गावर आठ फेऱ्या करून दिवसाला २०८ किलोमीटर धावणारी बस रात्रीच्या एका चार्जवर पूर्ण दिवस काढेल असे धरू नका. दुपारी साडेबारा ते साडेतीन रस्ते ओस असतात, तेव्हा अर्ध्या गाड्या चार्जिंगला उभ्या करा. प्रवासी कमी, गाड्या कमी, बॅटरी भरलेली. हे वेळापत्रक पुण्याकडून उचलून चालणार नाही, खान्देशाच्या दुपारप्रमाणे आखावे लागेल.

एसटीशी बोलणी आधी करा. बांभोरी शहराबाहेर आहे. महापालिकेची बस हद्दीबाहेर जाणार असेल तर एसटीशी समझोता आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा परवाना लागतो. जळगाव ते भुसावळ हे २५ किलोमीटर अंतर एसटीचेच राहू द्या. तिथे मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि सिटी बसला ती बरोबरी परवडणार नाही. रिक्षांशीही भांडू नका. महामार्गाला समांतर पळणाऱ्या शेअर रिक्षांना कॉलनीतून चौकापर्यंत आणण्याचे मार्ग ठरवून द्या, भाडेही त्याच प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्या. रिक्षावाल्याला त्याच पैशांत फेऱ्या जास्त मिळतात आणि बसला प्रवासी.

धुळ्याचे गणित थोडे वेगळे. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने जुन्या गावाबाहेर सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली, त्यामुळे त्या भागात बस वळवणे सोपे. पण पांझरेपलीकडे देवपूर आहे, आणि शहराची सारी ये-जा मोजक्या पुलांवर अडते. अंतरे आखूड, म्हणून ९ मीटर बस आणि देवपूर ते अवधान एमआयडीसी हा एकच मुख्य मार्ग दर दहा मिनिटांनी. आग्रा रोडवर बाजाराच्या वेळेत बस घालू नका, समांतर रस्त्याने न्या.

शेवटी ले-आउट. शहराबाहेर शेताचे बिगरशेती झाले की ९ मीटर रस्ते असलेले प्लॉट पाडले जातात आणि शेजारच्या ले-आउटशी रस्ता जुळतच नाही. १२ मीटर लांब बसला वळायला बाहेरची त्रिज्या साधारण १२ मीटर लागते, ती तिथे मिळत नाही. त्यामुळे बस महामार्गावरच राहते आणि घरापासून थांबा किलोमीटरभर लांब पडतो. ले-आउट मंजूर करतानाच दर ५००-८०० मीटरवर एक १५ किंवा १८ मीटरचा सलग रस्ता आणि तो कुठे जोडला जातो, हे नगररचना विभागाने नकाशावर दाखवून घ्यावे. प्लॉट विकले गेल्यावर तो रस्ता काढायला भूसंपादन करावे लागते. तुम्ही प्लॉट घेणार असाल तर विक्रेत्याला मंजूर नकाशा मागा आणि समोरचा रस्ता पुढे कुठल्या रस्त्याला जुळतो ते पाहूनच इसार द्या.