गणित शिकून भूजलात काम करणारं कोणी झालंय का?

तुम्ही विचारलंय की गणितात एमएस्सी करतोय, भूजलात इंटरेस्ट आहे पण सगळे म्हणतात ते जिऑलॉजीवाल्यांचं काम, तर गणितातून तिकडे गेलेलं कोणी आहे का. आहे की! चार्ल्स समनर स्लिक्टर. मी स्वतः भूजलच शिकवतो आणि मला मनापासून वाटतं की या माणसाचं नाव आपल्याकडे फारच कमी घेतलं जातं.

जन्म १८६४ चा, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉलला. १८८६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात गणित शिकवायला आले आणि आयुष्य तिथेच काढलं. तिथे फ्रँकलिन हायरम किंग म्हणून मातीचे अभ्यासक होते, माती-वाळूतून पाणी कसं सरकतं याचे प्रयोग करायचे, म्हणजे किंगकडे मोजलेले आकडे आणि स्लिक्टरकडे गणित, अशी जोडी जमली. १८९९ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या वार्षिक अहवालात दोघांचेही मोठे लेख आले.

आता गणिताचं सांगतो कारण तुम्हाला तेच हवंय. डार्सीचा नियम (पाण्याच्या पातळीला जितका उतार जास्त तितकं वाळूतून पाणी जोरात जातं) १८५६ पासून होताच. स्लिक्टरनी दाखवलं की तो धरून चाललं की जमिनीखालच्या पाण्याला लाप्लासचं समीकरण लागू पडतं, तेच जे तुम्ही उष्णता आणि विजेसाठी सोडवता. मग जवळजवळच्या दोन विहिरी एकमेकींचं पाणी किती ओढतात हेही कागदावर काढता येतं (आपल्याकडे शेजारच्याने बोअर मारल्यावर जी भांडणं होतात ना, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे).

दुसरं, वाळूचे कण म्हणजे सारख्या आकाराचे गोल असं मानून त्यांनी मधल्या पोकळीचा हिशोब केला. सैल रचले तर ४७.६४ टक्के जागा मोकळी राहते, घट्ट रचले तर २५.९५ टक्के, आणि गोल मोठा की बारीक याने काहीच फरक पडत नाही. मी वर्गात एका बरणीत गोट्या आणि दुसऱ्या तशाच बरणीत मोहरी भरतो आणि मापाने पाणी ओततो, मुलांना वाटतं गोट्यांच्या बरणीत खूप जास्त मावणार पण दोन्हीकडे जवळपास तेवढंच मावतं. मग तीच मुलं विचारतात की सर मग फरक कुठे पडतो, तर फरक पडतो वेगात, बारीक कणांतून पाणी फार हळू जातं.

पण मला हा माणूस आवडतो तो यासाठी की समीकरण लिहून थांबला नाही, मोजायला शेतात गेला. पद्धत बघा. जमिनीत एक पाइप ठोकायचा, पाणी ज्या दिशेला जातं त्या अंगाला साधारण चार फुटांवर आणखी तीन. पहिल्या, म्हणजे वरच्या अंगाच्या पाइपात नवसागराचं पाणी सोडायचं, हो तोच नवसागर जो कल्हईवाला भांड्यावर टाकतो. त्याने पाण्यातून वीज सहज जाते, म्हणून पाइपांना बॅटरी आणि अँमीटर जोडून बसायचं. नवसागर खालच्या पाइपाकडे सरकतो तसा करंट चढत जातो आणि किती तासांनी चढला त्यावरून वेग निघतो. रात्रंदिवस कोणी बसायला नको म्हणून आपोआप नोंद करणारं यंत्रही त्यांनी वापरलं.

१९०४ मध्ये कॅन्ससमध्ये गार्डन सिटीजवळ आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात हे केलं तेव्हा वेग निघाला दिवसाला सरासरी ८ फूट, म्हणजे तासाला चार इंच! आणि हे पाणी येतं कुठून? जवळच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि आसपासच्या सपाट जमिनीवर पडलेल्या पावसाचं, असा त्यांचा निष्कर्ष. लांबच्या डोंगरांतून जमिनीखालून नदी वाहत येते वगैरे काही नाही. तुम्हीच हिशोब करा, ८ फुटांच्या वेगाने शंभर मैल यायला १८० वर्षं लागतील. आपल्याकडेही बोअरला पाणी लागलं की "जिवंत झरा लागला, थेट गंगेचा" असं म्हणणारी माणसं भेटतात, तेव्हा मला दर वेळी हे आठ फूट आठवतात.

पुढे १९२० ते १९३४ ते तिथल्याच ग्रॅज्युएट स्कूलचे डीन होते, १९४६ मध्ये वारले. मुलगा लुई स्लिक्टर भूभौतिकशास्त्रात मोठा झाला आणि नातू चार्ल्स पेन्स स्लिक्टर भौतिकशास्त्रात.

एकच लक्षात ठेवा, त्यांचे गोल वाळूसाठी आहेत. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून जातं, तिथे बरणीतल्या गोट्या चालत नाहीत. तेव्हा लाप्लास पक्कं करा आणि मग भेगांमधल्या प्रवाहाकडे वळा, तिथे गणितवाल्यांना भरपूर काम आहे, आणि एखादा उन्हाळा कोणाबरोबर तरी विहिरींची पातळी मोजत फिरा.